खंड कुणी पाडला?

क्वाझुलू-नाताळ हा दक्षिण आफ्रिकेचा पूर्वेकडचा, हिंदी महासागराला लागून असलेला प्रांत. डर्बन हे त्यातलं मोठं शहर. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत या प्रांतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या २७ टक्के लोकांना एचआयव्हीची लागण असल्याचं आढळलं. तिथल्या सरकारी दवाखान्यांतून माणसं दर दोन-तीन महिन्यांनी गोळ्यांच्या बाटल्या घरी नेतात. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्राव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत असतात, आणि ती दिवसातून एकदा घ्यायची असते. आफ्रिकेत जाणारी ही औषधं बहुतांशी भारतीय कंपन्या बनवतात. काही बाटल्यांवर तर नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीचा पत्ता छापलेला असतो.

मी काही वर्षं महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रावर, समुपदेशक होतो. गोळ्या मोजणं हा आमच्या कामाचा मोठा भाग. पेशंटनं उरलेल्या गोळ्या सोबत आणायच्या, आम्ही त्या टेबलावर ओतून मोजायच्या, आणि हिशेब जुळला नाही की विचारायचं, "का चुकवल्या?" शंभरातल्या पंच्याण्णव गोळ्या तरी वेळेवर गेल्याच पाहिजेत, नाहीतर औषध लागू पडायचं बंद होईल, हे मी रोज कितीतरी लोकांना बजावत असे. ते खोटं नव्हतं. पण दक्षिण आफ्रिकेतला औषध-प्रतिरोधाचा गेल्या पंचवीस वर्षांचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की पेशंटच्या पिशवीतल्या गोळ्या मोजताना गोदामातल्या गोळ्या कुणीच मोजत नव्हतं.

विषाणू औषधाला दाद देईनासा होतो तेव्हा आपण सवयीनं पेशंटकडे बोट दाखवतो. माझं म्हणणं असं, की या प्रतिरोधाची मुळं औषध, तपासणी आणि माणसं पुरवणाऱ्या यंत्रणेनं पाडलेल्या खंडांत जास्त खोल गेलेली आहेत. म्हणून प्रतिरोधाचा आकडा आरोग्य खात्याच्या प्रगतिपुस्तकात लिहिला गेला पाहिजे. आज तो पेशंटच्या केसपेपरवर लिहिला जातो आणि तिथेच संपतो.

आधी विषाणूचं गणित पाहू. एचआयव्ही स्वतःच्या नकला काढताना आरएनएवरून डीएनए बनवतो. हे काम करणाऱ्या त्याच्या एन्झाइमला झालेली चूक दुरुस्त करता येत नाही. उपचार न घेणाऱ्या एका माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक हजार कोटी नवे विषाणू तयार होतात. इतक्या नकला आणि इतक्या चुका म्हटल्यावर विषाणूच्या रचनेतला जवळपास प्रत्येक शक्य असलेला बदल रोज कुठेतरी घडतच असतो. बहुतेक बदल खुद्द विषाणूलाच घातक ठरतात. पण एखाद्या बदलानं औषधाचा रेणू जिथे अडकतो ती खाचच थोडी वाकडी होते. शरीरात औषध मुळीच नसेल तर या वाकड्या विषाणूला काही फायदा नाही. औषध पुरेसं असेल तर त्यालाही वाढायला जागा मिळत नाही. त्याचं फावतं ते औषध अर्धवट असताना. मग बाकीचे मरतात, तो उरतो, आणि पुढची सगळी पिलावळ त्याची असते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. बीटी कपाशी २००२ साली आली आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं बीटीची बोंडंच्या बोंडं पोखरून टाकली. तेव्हा सगळ्यात आधी काय ऐकू आलं? अळीला बीटीचा प्रतिरोध येऊ नये म्हणून कडेनं लावायच्या बिगर-बीटीच्या ओळी शेतकऱ्यांनी लावल्या नाहीत, बियाण्याच्या पिशवीसोबत येणारं ते छोटं पाकीट बांधावर टाकून दिलं. लांब मुदतीचे संकरित वाण विकून अळीला महिनोन्‌महिने खायला कुणी घातलं, याची चर्चा उशिरा झाली आणि हळू आवाजात झाली. एचआयव्हीच्या बाबतीत दोष देण्याची हीच पद्धत मी दवाखान्यात बसून पाहिली आहे, आणि वापरलीही आहे.

तीन औषधं एकत्र द्यायची ती याच कारणानं. तिन्हींना एकाच वेळी चुकवणारा विषाणू आपोआप तयार होणं जवळजवळ अशक्य असतं. पण सुरुवातीच्या वर्षांत गरीब देशांत जी जोडणी दिली गेली, तिच्यात एक दुबळा दुवा होता. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरपिन ही ती जोडणी. नेव्हिरपिनला हरवायला विषाणूला एकच बदल पुरतो. त्याच कुळातल्या इफाव्हिरेन्झचंही तसंच, आणि १०३ क्रमांकाच्या जागेवरचा एक प्रसिद्ध बदल या दोघांनाही निकामी करतो. शिवाय नेव्हिरपिन शरीरात रेंगाळतं. समजा, गुरुवारी केंद्रातल्या गोळ्या संपल्या आणि माणूस रिकाम्या हातानं घरी गेला. त्यानं तिन्ही औषधं एकदमच थांबवली. पण पहिली दोन एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातात आणि नेव्हिरपिन पुढे कित्येक दिवस एकटंच उरतं. म्हणजे माणसाला वाटतं की आपण काहीच घेत नाही, आणि त्याच्या रक्तात मात्र विषाणूला प्रतिरोध शिकवण्याची नेमकी परिस्थिती तयार झालेली असते. या माणसानं स्वतःहून एकही गोळी चुकवलेली नाही.

आता दक्षिण आफ्रिकेकडे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरला मिळणारी तीन औषधांची जोडणी 'सीमापार डॉक्टर' (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) संघटनेला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. जगभर खळबळ उडाली. पण ज्या देशाला त्या औषधांची गरज सर्वांत जास्त होती, त्याचे अध्यक्ष थाबो एम्बेकी तेव्हा एचआयव्हीमुळेच एड्स होतो का, अशी शंका जाहीरपणे काढत होते आणि आरोग्यमंत्री लसूण-बीटरूटचे गुण सांगत होत्या. या धोरणामुळे तीन लाख तीस हजारांहून अधिक माणसं अकाली गेली, असा हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन' या रुग्णांच्या आणि कार्यकर्त्यांच्या संघटनेला सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी नेव्हिरपिन द्यावंच लागेल, असा निकाल तिथल्या संविधान न्यायालयानं ५ जुलै २००२ रोजी दिला. सरकारी दवाखान्यांतून मोफत उपचार सुरू व्हायला एप्रिल २००४ उजाडला. भारतात मोफत एआरटीची सुरुवात झाली तीही १ एप्रिल २००४ लाच, आणि पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे.जे. रुग्णालय होतं.

नेव्हिरपिनच्या या प्रकरणाशी मला जरा थांबायचं आहे. १९९९ साली युगांडातल्या अभ्यासानं दाखवून दिलं होतं की बाळंतकळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरपिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस दिला, तर बाळाची लागण जवळपास निम्म्यानं टळते. गोळी स्वस्त होती, टिकाऊ होती आणि दाईच्या हातातही देता येत होती. तिनं असंख्य बाळं वाचवली. ती द्यायलाच हवी होती, आणि कोर्टात जाणाऱ्यांनी योग्यच केलं. पण त्याच अभ्यासातल्या महिलांच्या रक्ताची पुढे तपासणी झाली, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २५ टक्क्यांच्या विषाणूत नेव्हिरपिनला प्रतिरोध सापडला. डोस घेऊनही ज्या बाळांना लागण झाली, त्यांच्यापैकी ४६ टक्क्यांत तो होता. बाळाला वाचवण्यासाठी घेतलेल्या एका गोळीची किंमत आईच्या पुढच्या उपचारानं मोजली. ही गोष्ट माहीत झाल्यावर तरी त्या आयांना तीन औषधांचा पूर्ण उपचार तातडीनं मिळायला हवा होता. अनेक देशांत तो वर्षानुवर्षं मिळाला नाही. आधी सीडी-फोर पेशी (रोगाशी लढणाऱ्या, एचआयव्ही ज्यांना मारतो त्या रक्तपेशी) अमुक आकड्याखाली घसरू द्यात, मग औषधं सुरू करू, असा नियम होता. त्या काळात हा प्रतिरोध नियमितपणे फारसा मोजलाही गेला नाही.

मोजायला लागलो तेव्हा आकडा चढतच होता. दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांत, उपचार सुरू करायच्या आधीच नेव्हिरपिन-इफाव्हिरेन्झ कुळाला प्रतिरोध असलेल्यांचं प्रमाण २०१६ मध्ये ११ टक्क्यांच्या घरात गेलं होतं, आणि अशा प्रतिरोधाची शक्यता तिथे दरवर्षी २३ टक्क्यांनी वाढत आलेली होती. एकट्या दक्षिण आफ्रिकेनं दहा टक्क्यांची रेषा २०१५-१६ च्या सुमारास ओलांडली. दहा टक्के हा आकडा महत्त्वाचा आहे. त्यापुढे गेलात तर पहिल्या फळीतलं औषधच बदला, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सगळ्या देशांना सांगितलं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय पाहणीत पहिल्यांदाच प्रतिरोधाची चाचणी झाली. ज्यांच्या रक्तात विषाणू दबलेला नव्हता, त्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांत तो प्रतिरोधक निघाला.

'उपचार सुरू करायच्या आधीच' हे शब्द वाचताना वाटतं, की या माणसांना दुसऱ्याकडून असाच विषाणू मिळाला असणार. काहींच्या बाबतीत ते खरंच आहे. पण कागदावर नव्या दिसणाऱ्या लोकांत परतून आलेले पुष्कळ असतात. पूर्वी औषध घेतलेल्यांमध्ये प्रतिरोधाचं प्रमाण खऱ्या नव्या पेशंटच्या अडीच-तीन पट असतं, हे अनेक देशांच्या पाहण्यांत दिसलं आहे. ही माणसं आधी घेतलेल्या औषधाबद्दल सांगत का नाहीत, हे समजण्यासाठी मला आफ्रिकेत जायची गरज नाही.

आमच्या केंद्रावर एक बाई आल्या. पहिल्यांदाच तपासणी झाली, पहिल्यांदाच औषध घेणार, असं म्हणाल्या. मी नेव्हिरपिनच्या गोळीबद्दल सांगायला लागलो, तर मध्येच म्हणाल्या, "भाऊ, पहिले पंधरा दिवस एकच घ्यायची ना?" नेव्हिरपिन पहिले चौदा दिवस दिवसातून एकदा आणि मग दोनदा घ्यायची असते. हे कधीच न घेतलेल्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. मी पुन्हा विचारलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ऊसतोडीला टोळीबरोबर गेल्या होत्या. केंद्रावर महिन्याभराच्याच गोळ्या मिळायच्या आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा. मुकादमाला काय सांगून परत यायचं? गावी परतल्यावर आधीच्या केंद्रावर जायची भीती वाटली. "तिथं लई बोलतात," एवढंच म्हणाल्या. महिन्याच्या वर गोळ्या न देण्याचा नियम त्यांनी केलेला नव्हता. पण त्या नियमाची शिक्षा त्यांच्या रक्तात लिहिली गेली होती, आणि आमच्या रजिस्टरात त्यांची नोंद 'नवीन पेशंट' अशी झाली.

क्वाझुलू-नाताळच्या शेजारच्या ईस्टर्न केप प्रांतात २०१२ च्या शेवटी म्थाथा गावातल्या औषध-गोदामाचं काम कोलमडलं. संप झाला, कर्मचारी निलंबित झाले, माल आत पडून राहिला, आणि त्या गोदामावर विसंबून असलेल्या दवाखान्यांत गोळ्या पोचेनात. शेवटी 'सीमापार डॉक्टर' आणि 'ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन'च्या लोकांनी गोदामात उभं राहून खोकी भरली आणि पाठवली. पुढच्या वर्षी स्वयंसेवी संघटनांनी देशभरातल्या दवाखान्यांना फोन करून पाहणी केली. गेल्या तीन महिन्यांत एचआयव्ही किंवा क्षयाचं एखादं तरी औषध संपलं होतं, असं दर पाचांतल्या एका दवाखान्यानं सांगितलं. जुलै २०२१ च्या दंगलीत क्वाझुलू-नाताळमधली औषधाची दुकानं लुटली गेली, दवाखाने बंद राहिले. एप्रिल २०२२ मध्ये तिथे महापूर आला, चारशेहून अधिक माणसं गेली, रस्ते वाहून गेले. या प्रत्येक वेळी कुणाचीतरी बाटली संपली. 'पेशंटनं उपचार सोडला' अशा नोंदी पुढे वाचताना या तारखा शेजारी ठेवून वाचायला हव्यात.

स्त्रियांची गोष्ट आणखी जिव्हारी लागणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात उपचारापूर्वीचा प्रतिरोध पुरुषांत ८ टक्के आणि स्त्रियांत १२ टक्के दिसला. कारण उघड आहे, गरोदरपणात एकेक-दोनदोन औषधं त्यांनाच दिली गेली होती. म्हणजे नव्या, दणकट औषधाची गरज स्त्रियांना जास्त होती. ते औषध, डोलुटेग्राव्हिर, हाताशी आलंही होतं. २०१७ च्या सप्टेंबरात झालेल्या करारानं त्याची तीन-औषधी गोळी वर्षाला सुमारे ७५ डॉलरला मिळायला लागली. पण मे २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या एका अभ्यासात धोक्याची घंटा वाजली. गर्भ राहताना हे औषध घेत असलेल्या ४२६ स्त्रियांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीत दोष आढळले. सावधगिरी बाळगणं रास्त होतं. परंतु अनेक देशांनी सावधगिरी म्हणजे बाळंतपणाच्या वयातल्या सगळ्याच स्त्रियांना जुन्या इफाव्हिरेन्झवर ठेवणं, असा अर्थ काढला. ज्यांना मूल नको होतं त्यांनाही, ज्यांच्या शरीरात इफाव्हिरेन्झ आधीच हरलेलं होतं त्यांनाही. नोंदी वाढत गेल्या तसा तो धोका विरत गेला आणि २०१९ च्या जुलैत जागतिक संघटनेनं हे औषध सगळ्यांसाठी योग्य ठरवलं. तोपर्यंत स्त्रीच्या शरीराचा विचार गर्भाशयापुरताच झाला होता. तिला स्वतःला जगायचं आहे आणि आपल्या जोखमीचा निर्णय ती स्वतः घेऊ शकते, हे मान्य करायला सव्वा वर्ष लागलं.

दक्षिण आफ्रिकेनं २०१९ च्या अखेरीपासून डोलुटेग्राव्हिर आणलं आणि चित्र खरोखर पालटलं. या औषधाला हरवायला विषाणूला खूप मोठी कसरत करावी लागते, एक बदल सहसा पुरत नाही. युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेत झालेल्या 'नादिया' चाचणीत तर असं दिसलं, की टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिनला प्रतिरोध असतानाही डोलुटेग्राव्हिर सोबत असलं की बहुतेकांचा विषाणू दबून राहतो. किंमत आणखी उतरली, २०२३ मध्ये वर्षाला ४५ डॉलरच्याही खाली आली. इथून पुढे पुष्कळ जाणत्या माणसांचा सूर असा लागला, की प्रतिरोधाचा प्रश्न आता मिटला. पाहण्या, विषाणूच्या जनुकीय चाचण्या यांवर पैसा कशाला घालायचा?

मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नवा अहवाल काढला. डोलुटेग्राव्हिर घेत असूनही विषाणू न दबलेल्यांच्या पाहण्यांत प्रतिरोध ३.९ ते ८.६ टक्के दिसला होता. जुन्या औषधांवर असताना रक्तात विषाणू भरपूर आहे आणि तशाच अवस्थेत गोळी बदलली, अशा लोकांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला होता. औषधाच्या चाचण्यांच्या वेळी जे पाहिलं होतं त्याहून हे कितीतरी जास्त आहे. हे आकडे मोजक्याच देशांतून आले, कारण बाकीच्यांनी मोजलंच नाही. आणि त्या १९.६ टक्क्यांमागे काय आहे ते पाहा. गोळी बदलण्याआधी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासायला हवा होता. अनेक ठिकाणी तो न तपासताच रांगेतल्या प्रत्येकाला नवी बाटली दिली गेली, कारण तपासणीचं यंत्र दूर होतं किंवा त्याचं रसायन संपलं होतं. याही वेळी यंत्रणेतलाच दुवा तुटलेला होता.

माझ्याशी वाद घालणारे मित्र म्हणतात, की डोलुटेग्राव्हिर घेऊनही ज्यांचा विषाणू दबत नाही, त्यांतल्या बहुतेकांत प्रतिरोध नसतोच, ते गोळ्या घेत नसतात. खरं आहे. उलट हा माझ्याच बाजूचा मुद्दा आहे. ज्याच्या रक्तात प्रतिरोध नाही, त्याला महागड्या दुसऱ्या फळीच्या औषधांवर टाकणं हा त्याच्यावर आणि तिजोरीवर अन्याय आहे. ज्याच्यात आहे, त्याला "गोळ्या नीट घ्या" म्हणून परत पाठवणं त्याहून वाईट. या दोघांतला फरक जनुकीय चाचणीशिवाय कळत नाही. चाचणी महाग आहे, एका माणसाच्या वर्षभराच्या गोळ्यांहून महाग, हेही कबूल. म्हणून ती प्रत्येकाची करा असं मी म्हणत नाही. ठरावीक केंद्रं निवडून दर वर्षी ठरावीक नमुने तपासले, तर पुराचं पाणी कुठल्या बाजूनं चढतंय ते वेळेत कळतं. इफाव्हिरेन्झच्या वेळी हे नियमित झालं असतं, तर २०१५ ला कळलं ते बरंच आधी कळलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक वाटतो. माणसं गोळ्या खरोखर सोडतात, यंत्रणा धड असतानाही सोडतात. सासरी सांगितलेलं नसतं म्हणून, पोट रिकामं असताना गोळी सोसत नाही म्हणून, दारूमुळे, किंवा बरं वाटतंय आता कशाला म्हणून. हे मी समोर बसून ऐकलं आहे आणि ते नाकारणार नाही. पण यातल्या प्रत्येक कारणाला उत्तर असतं, आणि ते उत्तर म्हणजे कुणीतरी माणूस असतो. घरी जाऊन हळूच विचारपूस करणारा, फोन करणारा, बाटलीवरचं लेबल काढून देणारा. केपटाऊनजवळच्या खायेलित्शा वस्तीत २००७ पासून स्थिर पेशंटांचे गट बांधले गेले. गटानं जमायचं, एकमेकांची चौकशी करायची, गोळ्या घ्यायच्या आणि जायचं. डॉक्टरसमोर तासन्‌तास रांग नाही. पुढे देशभर अशी सोय झाली, की गोळ्या घराजवळच्या औषधाच्या दुकानातूनही मिळाव्यात. ज्यांना बेशिस्त म्हटलं जातं, त्यांतले किती जण केवळ अंतर कमी झालं म्हणून शिस्तीचे झाले, हे तिथल्या कार्यकर्त्यांना विचारावं.

आणि नेमकी हीच माणसं २०२५ मध्ये काढून घेतली गेली. त्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली. दक्षिण आफ्रिका आपल्या गोळ्या मुख्यतः स्वतःच्या पैशानं विकत घेते. एचआयव्ही कार्यक्रमाच्या खर्चात अमेरिकेचा वाटा सुमारे १७ टक्के होता, आणि तो जात होता माणसांवर. समुपदेशक, नोंदी ठेवणारे, गायब झालेल्यांना शोधायला वाडीवस्तीवर जाणारे. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. गोळ्या गोदामात आहेत म्हणून सरकार निश्चिंत राहिलं, तर ती मोठी चूक ठरेल. जी बाई तिसऱ्या महिन्यात आली नाही, तिच्या दारात आता कुणी जाणार नाही. वर्षभरानं ती दुसऱ्या दवाखान्यात 'नवीन' म्हणून उभी राहील. या खंडाचा हिशेब प्रतिरोधाच्या तक्त्यात दोन-चार वर्षांनी दिसेल, आणि तोपर्यंत मदत थांबवण्याचा निर्णय घेणारे कुणाच्या आठवणीतही नसतील.

आपल्याकडे पाहिलं तर निश्चिंत व्हावं असं काही दिसत नाही. देशात सर्वांत जास्त एचआयव्हीबाधित माणसं महाराष्ट्रात आहेत, सुमारे चार लाख. व्हायरल लोडची नियमित तपासणी आपल्या सरकारी केंद्रांत २०१८ मध्ये सुरू झाली. त्याआधीची चौदा वर्षं आपण सीडी-फोर पेशींवरून अंदाज बांधत होतो, म्हणजे औषध हरल्यावर कितीतरी महिन्यांनी, पेशी ढासळायला लागल्यावर आपल्याला ते कळत होतं. पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं सुरू झालेली संस्था आहे. प्रतिरोधाच्या चाचण्या करणारी माणसं आणि यंत्रं तिथे आहेत. ज्ञान कमी नाही. आणि तरीही २०२२ च्या जुलैत दिल्लीत 'नॅको'च्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयापाशी एचआयव्हीबाधित माणसांना ठिय्या मांडून बसावं लागलं, कारण केंद्रांवर डोलुटेग्राव्हिर नव्हतं. चाळीसहून अधिक दिवस ते बसले. जगाला या गोळ्या पुरवणाऱ्या देशात हे घडलं. सिन्नरच्या कारखान्यातून बाटली आफ्रिकेच्या बंदरात पोचते आणि देशातल्या केंद्रावरचा माणूस सात दिवसांच्या सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत घेऊन घरी जातो, हे मी सहन करू शकत नाही. आमच्याही केंद्रावर अशा पुड्या दिल्या गेल्या आहेत. सात दिवसांनी परत या, असं मी लोकांना सांगितलं आहे, शंभर-शंभर किलोमीटरवरून एसटीनं आलेल्यांना. पुढच्या वेळी त्यांच्या गोळ्या मोजतानाही माझाच हात होता.

आता सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं लेनाकापाव्हिरचं इंजेक्शन येतं आहे. लागण टाळण्यासाठीच्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या दोन हजारांहून अधिक तरुणींपैकी एकीलाही ते घेताना लागण झाली नाही. इतकी आनंदाची बातमी या क्षेत्रात फार वर्षांनी आली. ते बनवायचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे, आणि २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या दरानं ते मिळेल, असे करार झाले आहेत. पण तेही शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळणारं औषध आहे. सातव्या महिन्यात इंजेक्शन मिळालं नाही, औषध ओसरत चाललं आणि त्या काळात लागण झाली, तर नेव्हिरपिनची कथा नव्या नावानं सुरू होईल.

माझी मागणी साधी आहे. ज्यांचं औषध नीट चालू आहे, त्यांना तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या, आणि ऊसतोडीला, वीटभट्टीवर, मासेमारीला जाणाऱ्यांना तर हंगामभराच्या द्याच. केंद्रावर शोध घेणाऱ्या कार्यकर्त्यांचा पगार परदेशी अनुदानावर ठेवू नका. प्रत्येक केंद्रात औषध किती दिवस नव्हतं, तो आकडा महिन्याच्या महिन्याला जाहीर करा आणि प्रतिरोधाच्या अहवालात जिल्हावार शेजारी छापा, डर्बनला आणि मुंबईलाही. आणि प्रतिरोधाच्या पाहणीसाठी रक्त घेताना जो फॉर्म भरतात, त्यात 'गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकवल्या?' या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न घाला: 'गेल्या दोन वर्षांत तुम्ही केंद्रावर आलात आणि आमच्याकडे गोळ्या नव्हत्या, असं किती वेळा झालं?'